उशाशी पेला

बकीच्या बंदरात बोटी थोड्याच उरल्यात,
मी मात्र अजून माणसांची तोंडं बांधतो.
तळघर, गॅसची निळी जीभ, प्लास्टरची धूळ.
गुलाबी भुकटीत द्रव ओतला की
आधी ती ओल्या वाळूसारखी,
मग तार सुटते,
मग कणीक.
कणीक झाली की घाई करायची, पुढं ती दगड होते.

यंदा भुकटी बरण्यांतून येते, नुसते आकडे लावून.
काहींत चांदी आहे. इतकी बारीक,
की बुरशीला पाय रोवायला जागा मिळू नये.
(आमच्याकडे तान्ह्या मुठीत चांदीचं नाणं देतात,
मूठ घट्ट वळली तर पोर कंजूष निघणार.)
चांदीनं गुलाबी रंग जरा करडा पडतो,
म्हणून साध्या भुकटीतही करडा मिसळलाय.
म्हणजे मी काय मळतोय
ते मलाही कळू नये.

इशबेल कावी, सत्त्याऐंशी, खोली नऊ.
एकोणिसाव्या वर्षी, लग्नाला आठवडा असताना,
बापानं तिची आख्खी बत्तिशी काढवली.
किडलेली नव्हती.
तेव्हा तसा आहेरच असायचा:
जावयाला पुढं दातांचा खर्च नको.
लग्नाच्या फोटोत नवरी कोवळी,
आणि हसतेय ती कवळी.

कवळी उचलली तर खाली टाळू लाल,
कडेनं आखून घेतलेली,
नकाशात एखादाच देश रंगवावा तशी.
रात्री काढून ठेवत जा, मी म्हटलं.
ती म्हणाली,
"एकावन्न वर्षांत डॉडनं मला बिनदाताची पाहिली नाही.
दिवा मालवल्यावरही नाही."
आणि तो समुद्रावर असायचा तेव्हा?
"तेव्हाही नाही.
बोट लवकर आली तर?"

डॉडला जाऊन बारा वर्षं झाली.
मी पुढं काही विचारलं नाही.

ठसा घ्यायचा तर काढावीच लागते.
तिनं काढली. ओठ आत गेले,
हात आपोआप तोंडापुढं आला.
मला काय सुचलं कोण जाणे,
मीही माझे पुढचे दोन काढले
(फुटबॉल, एकोणीसशे ब्याऐंशी, गोल झालाच नाही)
आणि ठेवले तिच्या कवळीशेजारी, त्याच ट्रेमध्ये.
मग आम्ही हवामानाबद्दल बोललो.
'स' दोघांनाही धड येईना.
ती इतकी हसली
की ठसा दुसऱ्यांदा घ्यावा लागला.

आत नाव कोरायचं असतं, आश्रमात कवळ्या बदलतात म्हणून.
नाव नको, ती म्हणाली, बोटीचा नंबर घाल.
घातला. नियमात बसत नव्हतं.

सहा महिन्यांनी टाळू स्वच्छ.
कवळ उचलावा आणि मुकाट चावावा इतकी साधी, गुलाबी.
विद्यापीठाच्या बाईंनी तीन फोटो काढले,
मीही चांदीला मनातल्या मनात सलाम ठोकला.
मग पाकीट फोडलं.
खोली नऊ: साधी.

बाकीच्यांचे आकडे अजून मोजतायत.
चांदीवर माझा राग नाही.
ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना काढायचं आठवत नाही,
त्यांच्यासाठी कुणीतरी रात्रभर
तोंडात जागं राहायला हवंच.
उद्याही मी तीच कणीक मळणार.

पण रात्रपाळीच्या कर्स्टीला गाठून विचारलं.
ती म्हणाली, मार्चपासून काढते की.
ठसा घेतलात ना, त्या रात्रीपासून.
घासते, पेल्यात ठेवते,
पाणी शिळं असलं तर आम्हालाच ओरडते.

उशाशी ठेवते का?

नाही, कर्स्टी म्हणाली,
उशाशी आम्ही ठेवतो.
ती उठून पेला खिडकीत नेते,
बंदराच्या बाजूला,
आणि पडदा थोडा उघडा ठेवते.

अहवालात यासाठी रकाना नव्हता.